शिलेदाराचे केस

दौलूमामाच्या दुकानात मागच्या भिंतीवर
एक राजा होता, कात्रीखाली.
खुर्चीत बसलं की समोरच्या आरशात
त्याच्या मानेशेजारी आपली मान यायची.
मला तर हातांवर फळी टाकून बसवायचे.

राजाचं नाव चिल्डेरिक.
शुक्रवार पेठेत ते कुणाच्या जिभेला चिकटलं नाही.
शिलेदार म्हणाले, ते चिकटलं.

इनूस पेंटरनं रद्दीतून आणलेल्या
फिरंगी पुस्तकातलं चित्र ते,
तळहाताएवढं, काळंपांढरं.
खालचा मजकूर कॉलेजातल्या एका सरांनी वाचून दिला:
फ्रँक लोकांचा शेवटचा लांबकेशा राजा,
केस आहेत तोवर गादी,
केस उतरवले की मठात.
"असं हाय व्हय," दौलूमामा म्हणाला होता,
"मग आम्ही रोज पंचवीस राज्यं खालसा करतोय की.
आणि मिळतंय काय, दाढीकटिंगचे बारा रुपये."

तेलरंग परवडत नव्हता.
थेटराच्या बॅनरचाच मसाला, पावडर आणि सरस,
मांजरपाटाला खळ देऊन.
पुस्तकात रंग नव्हते म्हणून केस
इनूसनं मनानं लावले,
गुऱ्हाळावर काकवी उतरते त्या वेळचे.
राजे तिकडं बैलगाडीतून फिरायचे म्हणे,
तर कोपऱ्यात गाडी आली, खिलारी बैलासकट.
वडणग्याचा एक म्हातारा
दाढी होईस्तोवर वशिंडांकडं बघत बसायचा.
"त्यांच्यात वशिंड असतंय?"
"माझ्यात असतंय," इनूस म्हणायचा.

कात्री भिक्षूच्या हातात, पण दौलूमामाचीच,
एका पात्याचा टवका गेलेली.
उघडी. केसांना अजून टेकलेली नाही.

चेहऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही.
राजा कसा दिसायचा कुणाला ठाऊक,
त्या पुस्तकातल्या चित्रकारानंही
हजारभर वर्षांनी कुणाला तरी बसवला असेल
चार पैसे देऊन, हलू नको म्हणून.

पुराच्या साली पाणी पेठेत शिरलं
आणि आठ दिवस पाहुण्यासारखं बसून राहिलं.
शटर उघडलं तेव्हा मी होतो, खराटा घेऊन.
खुर्च्यांचं रेक्झिन फुगलेलं,
आरशाला गढूळ डोळे आलेले,
आणि शिलेदार गळ्यापर्यंत गेलेला.
मांडी, हात, गाडी, बैल, सगळा एकच राडा,
त्यात काकवी ओघळून फरशीपर्यंत आलेली.
वर चेहरा कोरडा. कात्री कोरडी.
मानेशी पाण्याची सरळ रेघ,
गिऱ्हाइकाला आरसा धरून दाखवावी अशी.

दौलूमामा बराच वेळ बघत राहिला.
"काम झालं बघ," म्हणाला,
"आता पैसे कुणाकडं मागायचे?"

मग चिखल ओढता ओढता,
पाठ माझ्याकडं करून:
तो इनूसचा धाकटा, सिकंदर.
उद्यमनगरात टर्नर.
केस पाठीवर, बाप ओरडून थकला.
सीपीआरला डोक्याचं ऑपरेशन ठरलं,
आदल्या रात्री मला बोलावलं.
इनूस कॉटजवळ उभा. म्हणाला, थांब जरा.
कात्री मी अशी धरलेली.
थांबलो. किती येळ, काय की.
मग नर्स आली.

पुस्तक नंतर घावलं, सहा महिन्यांनी.
रद्दीच्या वजनकाट्याशेजारी
ते पान उघडून इनूस खालीच बसला म्हणे,
रद्दीवाल्यानं पाणी दिलं.

पोरगा म्हणतोय आता फ्लेक्स लावू,
हिरोंच्या कटिंगचे. मामा हो म्हणतो,
आणि खिळे काढत नाही.
गेल्या बुधवारी इनूस आला, काठी टेकत,
पिशवीत दोन ब्रश आणि सरसाची वाटी.
हात कापत होता म्हणून डाव्यानं उजवा धरला.
दुपारभर बैलच काढले.
मी म्हटलं, आणि केस?

"ते वाढतात," म्हणाला
फडक्याला ब्रश पुसत.

वडणग्याचा म्हातारा पुढं झाला,
त्यानं वशिंडं मोजली.
दोन.